न मारलेले फटके

मी पटर बोलतोय. गोल्फच्या पिशवीतली सगळ्यात आखूड आणि सगळ्यात शेवटी बाहेर निघणारी काठी. माझी थोरली भावंडं चेंडू आभाळात भिरकावतात आणि लोक माना वर करून बघत राहतात. माझं काम जमिनीवरचं. चेंडू होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर येऊन पडला की त्याला हलक्या हाताने ढकलायचा आणि होलमध्ये घालायचा. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? मी एवढंच सांगतो, की मोठमोठे गडी मी लांबच्या फटक्यांवर रडताना पाहिले नाहीत. रडले ते माझ्यापाशी येऊन.

माझा जन्म क्रेगहेवनचा, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा. गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कोळशाची खाण, आणि दोघांच्या मधल्या वाळवट गवतावर आमचं मैदान. मला घडवलं म्हाताऱ्या ऑलिफंटने. माझी दांडी अमेरिकेतून बोटीने आलेल्या हिकरीच्या लाकडाची, डोकं गावातल्या लोहाराने ठोकलेलं. ऑलिफंटने काचेच्या तुकड्याने मला तासलं, जवसाचं तेल पाजलं आणि मुठीला कातड्याची पट्टी गुंडाळली. म्हातारा भारी तिरसट. गिऱ्हाईक काठी उचलून निरखायला लागलं की खेकसायचा, "काठीत काय बघतोस? स्वतःच्या मनगटाकडे बघ."

हे ऐकून न चिडता खरोखरच मनगटाकडे बघणारा पहिला माणूस म्हणजे लॅकी इमरी. तोच माझा धनी झाला.

लॅकी खाणीवर कामाला होता, पण जमिनीच्या पोटात उतरत नव्हता. खाणीच्या तोंडाशी वाफेचं मोठं इंजिन होतं. त्याच्या दोराला लोखंडी पिंजरा टांगलेला. त्या पिंजऱ्यात दाटीवाटीने उभी राहून माणसं खाली जायची आणि वर यायची. तो पिंजरा लॅकीच्या हातातल्या दांड्यावर चालायचा. खाली टेकताना पिंजरा असा टेकला पाहिजे, की आतल्या माणसाच्या डब्यातला चहा हिंदकळू नये. लॅकीचा टेकायचा. गावातल्या बायका नवऱ्याला निरोप देताना विचारायच्या, "इंजिनावर आज कोण?" लॅकी म्हटलं की त्या निवांत भांडी घासायला वळायच्या.

खेळात मात्र सुरुवातीला तो अगदीच कच्चा होता. चेंडू होलला वळसा घालून पुढे जायचा आणि पोरंटोरं हसायची. पण लॅकीला एक खोड होती. तो विचारायचा. ज्याला त्याला विचारायचा, "माझं काय चुकलं?" पाद्रीबाबांना विचारायचा, गवत कापणाऱ्याला विचारायचा, आणि उत्तर आलं की तोंड वाकडं न करता ऐकायचा. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या सतरंजीवर कप आडवा ठेवून माझ्याकडून तासन्‌तास चेंडू ढकलून घ्यायचा.

"माझा चांगला कप फोडलास तर जन्मभर बशीतून चहा पी," त्याची बायको इशबेल म्हणायची.

"कप नाही गं फुटत. चेंडू आत गेला तर फुटेल ना."

"मग काही काळजी नाही," इशबेल म्हणायची आणि विणकाम पुढे चालू करायची.

त्याचे दोन जिवाभावाचे मित्र होते, वॉटी गौडी आणि डॉड ड्यूरी. दोघंही खाणीत कोळसा फोडणारे, रोज लॅकीच्या पिंजऱ्यातून खाली जाणारे. वॉटी अबोल, थोराड. डॉड म्हणजे तोंडाचा पट्टा. शनिवारी तिघं मिळून खेळायचे आणि मग मैदानाजवळच्या दारूच्या गुत्त्यात बसायचे. तिथे लॅकीने एक नियम घालून दिला होता. ग्लास भरले तरी हात लावायचा नाही. आधी दोघांनी लॅकीची एकेक चूक सांगायची, मग घोट घ्यायचा.

"तू मान वर करतोस," वॉटी म्हणायचा.

"तू मान वर करतोस, ढुंगण मागे काढतोस आणि चेंडूकडे असं बघतोस की त्याने तुझी बहीण पळवलीय," डॉड म्हणायचा. "झालं? आता पिऊ द्या रे, फेस बसला माझा."

लॅकी ते सगळं डोक्यात घेऊन घरी यायचा आणि सतरंजीवर उभा राहायचा. वर्षामागून वर्षं असं चाललं. मोठं युद्ध होऊन गेलं, खाणी सरकारच्या झाल्या, लोखंडी नळीच्या चकचकीत काठ्या बाजारात आल्या आणि माझी लाकडी भावंडं चुलीत गेली. मला त्याने सोडलं नाही. तोवर हिरवळीवर त्याच्यासारखा हात आसपासच्या गावांत नव्हता. कोणी तारीफ केली की तो म्हणायचा, "अजून यायचं आहे." ती काही नम्रता नव्हती. त्याला खरंच तसं वाटायचं. आज जमलं ते उद्या जमेलच याचा भरवसा नाही, रोज नव्याने शिकावं लागतं, हे त्याला इंजिनानेही शिकवलं होतं आणि मीही.

आणि मग एका वसंतात त्याचा हात हलला.

हे सगळ्यात आधी मला कळलं. कळणारच, मी त्याच्या मुठीत होतो. तिसऱ्या हिरवळीवर वीतभर अंतरावरचा चेंडू होता, डोळे मिटून घालावा असा. फटक्याच्या ऐन क्षणी त्याच्या उजव्या हातातून एक हिसका आला, मासा गळाला लागल्यावर दोरीला बसतो तसा. चेंडू होलच्या पलीकडे हातभर गेला. लॅकी माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं.

"वारा आला रे मध्येच," वॉटी म्हणाला.

वारा नव्हता. होलमधला झेंडा काठीला चिकटून लोंबत होता.

पुढच्या शनिवारी पुन्हा तसंच झालं. त्या संध्याकाळी ग्लास भरले आणि लॅकीने नेहमीसारखं विचारलं, "सांगा, काय चुकलं?" वॉटीने आणि डॉडने एकमेकांकडे पाहिलं. लॅकीच्या पायांशी पडल्या पडल्या मला ते स्पष्ट दिसलं. वॉटी म्हणाला, "पाय जरा जास्त फाकवतोस." डॉड म्हणाला, "टोपी बदल. ती टोपी अपशकुनी आहे." आणि दोघांनी घाईघाईने घोट घेतले.

त्या दिवसापासून गुत्त्यात लॅकीला कोणी खरी चूक सांगितली नाही.

आता आमच्या खेळातली एक रीत सांगतो. तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. दोघं समोरासमोर खेळत असले आणि एकाचा चेंडू होलच्या अगदी जवळ राहिला, तर दुसरा म्हणतो, "दिला." म्हणजे तो चेंडू होलमध्ये गेला असं धरायचं, मारायची गरज नाही. ही दिलदारी समजतात. आणि एकदा दिलेला फटका नाकारता येत नाही, तसा नियमच आहे. तुम्ही "नको, मी मारतो" म्हणालात तरी तो दिलेलाच राहतो.

वॉटी आणि डॉड लॅकीला फटके द्यायला लागले. आधी वीतभराचे. मग हातभराचे. मग चार पावलांचे. चेंडू थांबायच्या आत डॉड ओरडायचा, "दिला रे लॅकी, उचल!" मला पिशवीतून अर्धा उपसायचा आणि परत आत सारायचा, असं व्हायला लागलं. गावातले बाकीचेही तसंच करू लागले. सगळे खाणीतलेच. सोमवारी सकाळी सगळ्यांना त्याच पिंजऱ्यात उभं राहायचं होतं. लॅकीचा हात हलताना कोणालाच बघायचा नव्हता.

त्यांना दुष्ट म्हणाल तर चुकाल. इंजिनावरचं काम गेलं असतं तर लॅकीचं घरही गेलं असतं, ते खाणीच्या मालकीचं होतं. इशबेलची छाती धरलेली, ती कुठे जाणार? शिवाय पिंजरा अजून अलगदच टेकत होता. डॉक्टर वर्षातून एकदा यायचा, डोळे तपासायचा, छातीला नळी लावायचा आणि जायचा. हातांकडे बघायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पण लॅकी दगड नव्हता. एकदा वाटेत त्याने वॉटीला थांबवलं.

"वॉटी, माझा हात हलतो का?"

"कोण म्हणालं?"

"मी विचारतोय."

"तुझा? अरे, तुझ्या हातावर अंडं ठेवून झोपावं माणसाने."

"मग मला मारू का देत नाही तुम्ही?"

"लवकर आटपावं म्हणून. डॉडला तहान लागते," वॉटी म्हणाला आणि झपाझप पुढे गेला.

लॅकीने मग मेडलच्या सामन्यात नाव द्यायचं ठरवलं. त्या सामन्यात फटके देता येत नाहीत. प्रत्येक चेंडू होलमध्ये पडलाच पाहिजे, बोटभर अंतरावरचासुद्धा. सगळ्या गावासमोर स्वतःचा हात बघायचा आणि काय ते एकदा कळून घ्यायचं, असं त्याच्या मनात होतं. इशबेलला त्याने तसं सांगितलं. "हलला तर सोमवारी मॅनेजरकडे जाईन. मग घराचं काय ते बघू." तिने नुसतं त्याच्या हातावर हात ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी डॉड घरी आला. बरोबर बायको होती, बेथिया. तिने आल्याचा केक आणला होता. डॉडने सरळ विषयाला हात घातला.

"मेडल बिडल काय काढलंस? तो कारकुनांचा खेळ. तू नसलास तर मी आणि हा मुका वॉटी काय एकमेकांच्या उवा मारू?"

"मला बघायचंय डॉड."

"काय बघायचंय? बुधवारी खाली टेकलो तेव्हा मी पाईप पेटवत होतो, काडी विझली नाही माझी. आणखी काय बघायचंय तुला?"

लॅकीने केकचा तुकडा तोंडात टाकला. त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, तिचा मला अजून राग येतो. माझा राग त्याच्यावर नाही, त्या केकवर आणि त्या गोड बोलण्यावर आहे. दुसऱ्या दिवशी तो मेडलला गेला नाही. तिघं खेळले आणि माझ्या वाट्याला दिवसभरात एकही छोटा फटका आला नाही.

सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात दाराआड उभा होतो. खाणीचा भोंगा अवेळी वाजला आणि थांबेचना. इशबेल चुलीवर भांडं तसंच ठेवून अनवाणी धावली. भांड्यातली ओटची पेज जळून कोळसा झाली, तिचा वास घरभर भरला.

पिंजरा तळाशी टेकायच्या बेतात असताना इंजिनाचा दांडा एकदा हिसकला होता. पिंजरा आपटला. आतल्या बऱ्याच जणांची हाडं मोडली. वॉटीचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. डॉड ड्यूरी गेला.

लॅकी घरी आला तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. इशबेलने त्याला चमच्याने भरवलं. तेव्हापासून त्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

अपघाताची चौकशी बसली ती हिवाळा सरताना. तिच्या आदल्या दिवशी लॅकीने मला उचललं, कुबड्यांवरच्या वॉटीला बरोबर घेतलं आणि आम्ही शेवटच्या हिरवळीवर गेलो. तिथे चिटपाखरू नव्हतं. लॅकीने होलपासून हातभर अंतरावर चेंडू ठेवला.

"दिला," वॉटी म्हणाला. त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग तो मान खाली घालून उभा राहिला.

लॅकीने चेंडू मारला. हिसका आला, चेंडू लांब गेला. त्याने दुसरा ठेवला. तोही लांब गेला.

"वॉटी, इकडे बघ. काय दिसतं?"

"हलतो."

"कधीपासून?"

"गेल्याच्या गेल्या वसंतापासून."

"आणि तू रोज खाली जात होतास."

"जात होतो," वॉटी म्हणाला. "पिंजऱ्यात सगळे जात होते. डॉड म्हणायचा, खेळताना हलतो, कामाला नाही हलत. आम्हाला ते पटवून घ्यायचं होतं, लॅकी."

"उद्या हे सगळं तिथे सांग."

वॉटी वळला. कुबड्या टेकत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या सभागृहात काय झालं, ते मी इशबेलच्या तोंडून ऐकलं. लॅकीने उभं राहून सांगितलं, की दोष त्याच्याच हाताचा, तो दोन वर्षं हलत होता. मग वॉटीला बोलावलं. पाय गमावलेला माणूस, त्याच्या शब्दाला वजन. वॉटी म्हणाला, "लॅकी इमरीचा हात मी कधी हललेला पाहिला नाही. मित्र गेला म्हणून तो स्वतःला दोष देतोय." मागे बसलेल्या खाणकामगारांनी माना डोलावल्या. इंजिनाचा ब्रेक झिजलेला सापडला होता, तेही खोटं नव्हतं. सगळा ठपका ब्रेकवर गेला. लॅकीला निर्दोष ठरवलं आणि त्याची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली.

सगळ्या गावाने मिळून त्याला तो फटका दिला होता. तो नाकारता येत नव्हता.

लॅकीने नोकरी सोडली. घर गेलं. गोदीमागच्या एका खोलीत ती दोघं राहायला गेली आणि पुढच्या थंडीत इशबेल वारली. मग लॅकी रोज संध्याकाळी मला घेऊन त्या शेवटच्या हिरवळीवर जायचा. हातभरावर चेंडू ठेवायचा आणि चुकवायचा. वाटेने जाणाऱ्याला विचारायचा, "जरा बघता का? माझं काय चुकतं?" लोक थांबायचे, घसा साफ करायचे. "जवळून गेला हो, लॅकी," म्हणायचे आणि सटकायचे. वॉटी एकदा आला होता. म्हणाला, "आता शिकून काय उपयोग?"

"काही नाही," लॅकी म्हणाला. "शिकायचं राहून गेलं होतं."

एका संध्याकाळी हिरवळीच्या कडेला बेथिया येऊन उभी राहिली, डॉडची बायको. काळा कोट, हातात पिशवी. पूर्वी ती त्याला अरे-तुरे करायची. लॅकीने तिला पाहिलं आणि मी त्याच्या मुठीतून जवळजवळ निसटलो.

"मारा," ती म्हणाली.

त्याने मारला. चुकला.

"उजवा हात उडतो तुमचा, मिस्टर इमरी," बेथिया म्हणाली. "चेंडूला लागायच्या आधीच उडतो. पुन्हा मारा."

लॅकीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते त्याने पुसलं नाही. चेंडू ठेवला आणि मारला.

"पुन्हा उडला. तो हात वर धरा, डावा खाली."

लॅकीने मूठ उलटी केली, नवशिक्या पोराने पहिल्यांदा काठी धरावी तशी. पहिला चेंडू आत गेला नाही. पुढचाही गेला नाही. बेथिया काळोख पडेपर्यंत तिथेच उभी होती. जे दिसलं ते सांगत होती, त्यात ना राग होता ना माया. त्यानंतर ती बरेचदा आली. एकदा तिने विचारलं, "हे डॉडने तुम्हाला का नाही सांगितलं?" लॅकी म्हणाला, "माझ्यावर जीव होता त्याचा." ती म्हणाली, "माझ्यावर नव्हता का?" लॅकीने पुढचा चेंडू ठेवला.

मरेपर्यंत तो शिकत राहिला. हात हलायचा थांबला नाही, पण त्या हलणाऱ्या हातातूनही चेंडू अधूनमधून होलमध्ये पडायला लागला. पडला की तो बेथियाकडे बघायचा आणि ती नुसती मान हलवायची.

आता मी क्लबाच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे. खाली मखमल आहे. दर आठवड्याला कोणीतरी काच पुसतं. माझ्या पायाशी पितळेची पाटी बसवली आहे आणि तिच्यावर कोरलंय: 'लॅकी इमरी यांचा पटर. यांचा हात कधी हलला नाही.' पाटी बसवली त्या दिवशी बेथिया आली होती. तिने वाचलं आणि हे काढा म्हणाली. लोकांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि समजावलं, की जाऊ दे आता, माणूस गेला.

येणारे जाणारे ती पाटी वाचतात, टोपी काढतात. पोरांना दाखवून सांगतात, बघा, असा हात हवा. पोरं काचेला नाक लावून बघतात आणि मला ओरडावंसं वाटतं. वाचकहो, तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर त्या पोरांना तेवढं सांगा. त्याचा हात हलत होता. मी त्या हातात होतो.